पहिली दोन मिनिटं: थ्रिलरची सुरुवात आपल्याला कशी पकडते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना येणारं 'हं', 'म्हणजे', 'काय ना' शक्य तेवढं उडवलंय, बाकी तसंच ठेवलंय. 'अंधाधुन' अजून बघितला नसेल तर आधी तो बघा आणि मग इकडे या, कारण मी शेवट फोडणार आहे.

तर 'अंधाधुन'ची सुरुवात आठवा. पुण्यात घडणारा सिनेमा, पियानो वाजवणारा आंधळा पोरगा, असं सगळं आपण ऐकून गेलेलो असतो. आणि पडद्यावर काय दिसतं? कोबीचं शेत. त्यात एक ससा, एका डोळ्याने अधू. मागे बंदूक घेतलेला माणूस. ससा पळतो, माणूस मागे. गोळी सुटते. आणि मग आपल्याला एका गाडीचा आवाज येतो, पण गाडी दिसत नाही. पडदा काळा. पुढे सिनेमा थेट पियानोवर जातो आणि सशाचं नावही काढत नाही.

आता गंमत बघा. पुढचे दोन तास आपण सशाला विसरतो, पण तो आवाज कुठेतरी उघडा राहिलेला असतो. शेवटाकडे तोच ससा, तेच शेत, तीच गोळी परत येते, आणि तेव्हा कळतं की सुरुवातीला जो आवाज ऐकला त्या गाडीत कोण होतं. श्रीराम राघवनने पहिल्याच मिनिटात सिनेमाचा शेवट आपल्याला दिलेला होता. फक्त तो डोळ्यांना न देता कानांना दिला. ज्या सिनेमाचा हिरो आंधळा असल्याचं नाटक करतो, त्या सिनेमाची सुरुवात प्रेक्षकाला आंधळं करून होते. मला तर हे सगळ्या सिनेमातलं सगळ्यात चोख काम वाटतं, तब्बूच्या कामापेक्षाही. (कमेंटमध्ये शिव्या घाला, चालतील.)

इथे पहिली कामाची गोष्ट हाती लागते. कॅमेरा एका वेळी एकाच दिशेला बघतो, त्याला चौकट असते. आवाजाला चौकट नसते, तो चारी बाजूंनी येतो. म्हणून जे चौकटीबाहेर आहे ते आवाजाने आत आणता येतं. दार दाखवायची गरज नाही, कडी वाजली की दार आहे. आणि न दिसलेलं दार दिसलेल्या दारापेक्षा वाईट असतं, कारण त्याच्यामागे काय आहे ते आपलं डोकं ठरवतं आणि आपलं डोकं कधी साधं काही ठरवत नाही.

पण नुसतं लपवलं की टेन्शन येतं, असं नाही. हिचकॉकने ही गोष्ट फार सोपी करून सांगितलेली आहे, तुम्ही ऐकलीही असेल. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत, अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंदांचं काम. आता तोच सीन, पण बॉम्ब ठेवताना आपण आधी पाहिलाय आणि तो किती वाजता फुटणार तेही माहीत आहे. आता त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं चालल्या तरी आपण खुर्चीच्या टोकावर. म्हणजे दचकवायचं असेल तर माहिती लपवा, ताणायचं असेल तर माहिती द्या. आपल्याकडच्या यूट्यूबवरच्या हॉरर शॉर्टफिल्म नव्वद टक्के पहिल्या प्रकारच्या असतात: शांतता, शांतता, शांतता, ढ्यॅण! दचकणं ही शरीराची झटकन होणारी प्रतिक्रिया आहे, फटाक्यालाही तीच होते. त्यात सिनेमाचं श्रेय काही नाही.

हिचकॉकचा बॉम्ब ऑर्सन वेल्सने शब्दशः वापरला. 'टच ऑफ इव्हिल', १९५८. पहिल्या फ्रेममध्ये एका हातात बॉम्ब, त्याचं टायमर फिरवलं जातं. बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो. मग एक जोडपं येऊन त्याच गाडीत बसतं, आणि पहिल्या फ्रेमपासून कॅमेरा एकही कट न घेता तीन मिनिटांहून जास्त वेळ गावातून फिरतो. गाडी पुढे जाते, थांबते, शेळ्यांच्या कळपात अडकते, पायी चालणारी माणसं तिच्या शेजारून जातात. कट का नाही? कारण कट म्हणजे वेळेत केलेली चोरी. कट झाला की प्रेक्षकाला वाटतं, मधली दहा सेकंदं गाळली असतील. कटच नाही म्हटल्यावर पडद्यावरचं घड्याळ आणि आपल्या हातातलं घड्याळ एकच. पळवाट बंद.

आणि याच सीनची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. स्टुडिओने वेल्सच्या हातून सिनेमा काढून घेतला आणि त्या लांब शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं जोरदार संगीत चढवलं. वेल्सने ५८ पानांचं पत्र लिहून काय काय बदलायला हवं ते सांगितलं. ते १९९८मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, वॉल्टर मर्चने त्या पत्राबरहुकूम केलं. नावं काढली, संगीत काढलं, त्याजागी रस्त्यावरचे आवाज: या क्लबमधलं गाणं, त्या गाडीतला रेडिओ, गाडी जवळ आली की रेडिओ मोठा, लांब गेली की बारीक. दोन्ही आवृत्त्या शोधून एकामागोमाग एक बघा. चित्र तेच. पण पहिल्यात संगीत सांगतं 'काहीतरी होणार', आणि दुसऱ्यात रेडिओ सांगतो 'बॉम्ब आत्ता कुठे आहे'. ऐकून गाडीचं अंतर कळतं. नुसत्या ऑडिओ ट्रॅकमध्ये एवढा फरक!

आपल्याकडे याचा जुना नमुना म्हणजे 'वह कौन थी', १९६४, राज खोसला. पावसाची रात्र, मनोज कुमार गाडी चालवतोय, रस्त्यात मधोमध पांढऱ्या साडीत साधना. तो तिला गाडीत घेतो आणि गाडीचे वायपर बंद पडतात. बस, एवढंच. भूत नाही, किंकाळी नाही. पण विचार करा, वायपर बंद म्हणजे काच आंधळी. त्याला रस्ता दिसत नाही आणि ती मात्र शांतपणे रस्ता सांगते. कुठे नेते? कब्रस्तानात. चालवणारा तो, पण बघणारी ती, म्हणजे गाडी खरं तर कोणाच्या हातात आहे? रात्री पावसात कंधारहून लोह्याकडे मोटारसायकल घातलेल्या माणसाला हा सीन समजावून सांगावा लागत नाही. वायपर ही आणखी एका अर्थाने हुशार निवड आहे: त्याला लय असते. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. लय सुरू असते तोवर आपलं तिच्याकडे लक्ष नसतं, थांबली की लगेच जातं. रात्री पंखा बंद झाला की जाग येते ना, तसं.

लय आणि थांबणं यावरून 'कुंकू'. हा थ्रिलर नाही, १९३७चा प्रभातचा सामाजिक सिनेमा आहे, पण आवाजाबद्दल बोलायचं आणि त्याचं नाव घ्यायचं नाही हे बरोबर नाही. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. जो आवाज येतो तो त्या सीनमधल्याच वस्तूचा. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, सगळे जण पडदा आवाजाने भरून टाकत होते, आणि हा माणूस तो रिकामा करत होता. त्यात म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरात एक लंबकाचं घड्याळ आहे. तरुण नीराचं फसवून त्या म्हाताऱ्याशी लग्न लावलेलं, आणि घरात त्या घड्याळाची टकटक. वेगळं संगीत कशाला हवं? म्हातारा, त्याचं वय, तिचं अडकणं, सगळं त्या टकटकीत आहे.

प्रभातचा पुण्यातला तो स्टुडिओ म्हणजे आजचं एफटीआयआय, १९६० पासून. श्रीराम राघवन तिथेच शिकले. ऑस्कर मिळवणारे रसूल पुकुट्टीसुद्धा तिथलेच. 'अंधाधुन'मधला खुनाचा सीन आठवा: आकाश पियानो वाजवतोय, आणि मागे नवऱ्याचं प्रेत हलवणं चाललंय. सगळं हातवाऱ्यांवर, कारण 'आंधळ्या'ला ऐकू जाईल. आवाज फक्त त्याच्या पियानोचा, आणि तो त्याला थांबवताही येत नाही. जे वाजतं ते त्या खोलीतलंच. शांतारामांची युक्ती, ऐंशी वर्षांनंतर, त्याच शहरातल्या गोष्टीत.

'अंधाधुन' ५ ऑक्टोबर २०१८ला आला आणि आठवड्याने, १२ ऑक्टोबरला, 'तुंबाड'. दिग्दर्शक राही अनिल बर्वे, 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. बीज नारायण धारपांच्या गोष्टीतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. हिंदी बोलत असला तरी हाडामांसाने मराठी सिनेमा. १९१८च्या भागापासून बघा: पाऊस. तो पाऊस खरा आहे, त्यासाठी युनिटने अनेक पावसाळे घालवले. खरा पाऊस आणि टँकरचा पाऊस यातला मोठा फरक उजेडात असतो. टँकरच्या पावसामागे बऱ्याचदा ऊन असतं, ते लपत नाही. इथे आभाळच मेलेलं आहे. पंकज कुमारचा कॅमेरा माणसांना फ्रेमच्या कोपऱ्यात बारीक करून ठेवतो आणि उरलेली सगळी जागा चिखल, दगड आणि आभाळाला देतो. रिकामी जागा जास्त असली की आपला डोळा तिच्यात फिरत राहतो, काही येतंय का ते बघत.

आणि ती साखळदंडाने बांधलेली म्हातारी. तिचं खाणं, तिचं घोरणं, तिची झोप यांवर घरातल्या दोन पोरांचा श्वास चालतो. आपण तिला आधी पोरांच्या चेहऱ्यावर बघतो, मग आवाजात, मग कुठे डोळ्यांनी. कुणाल शर्माच्या साउंड डिझाइनला फिल्मफेअर मिळालं. पाऊस सतत चालू असल्याने घरातला बाकी प्रत्येक आवाज पावसाच्या मागून ऐकावा लागतो. म्हणजे आपण कान देतो. कान द्यायला लावणं हेच अर्धं काम, कान टवकारलेल्या माणसाला घाबरवायला मोठा आवाज लागतच नाही.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण इथे इंजिनिअरिंग लागतं. तुम्ही हे सगळं कशावर बघता? फोनवर. बरेचदा फोनच्याच स्पीकरवर, एसटीत, शेजारच्याला त्रास देत.

थिएटरमध्ये जी छातीत घुमणारी गुरगुर असते, ती तीस-चाळीस हर्ट्झची. आपला कान २० हर्ट्झपासून ऐकतो, म्हणून ती ऐकू कमी येते आणि जाणवते जास्त. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी काढा: हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, भागिले ४०, म्हणजे साधारण साडेआठ मीटर. ती लाट तयार करायला बरीच हवा ढकलावी लागते. हर्ट्झ निम्मे केले की तेवढ्याच दाबासाठी चौपट हवा लागते. ३२० हर्ट्झचा आवाज तुमच्या फोनचा नखाएवढा स्पीकर काढतो, ४० हर्ट्झसाठी त्याला चौसष्टपट काम. जमणारच नाही. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळपास गप्प असतो.

मग फोनवर तबल्याचा बायाँ ऐकू कसा येतो? कारण कोणताही खालचा सूर एकटा नसतो, त्याच्या पटीतले वरचे सूर सोबत असतात. फोन ते वाजवतो आणि खालचा हरवलेला सूर आपला मेंदू स्वतः जोडून घेतो. 'जॉज'चे ते दोन सूर फोनवरही ओळखू येतात ते यामुळेच. ओळख पटते, पण धक्का येत नाही. सिनेमाने तुमच्या छातीला पाठवलेला मेसेज डिलिव्हरच झालेला नसतो. साधे वायरवाले इअरफोन कानात नीट बसले तर बरंच परत येतं, कारण तिथे खोलीभर नाही, कानातली चिमूटभर हवा हलवायची असते. थ्रिलर बघताना तेवढं करा, शंभर-दीडशेत होतं.

हे बघण्याबद्दल झालं. शूट करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, आणि ती मला मागच्या महिन्यात कळली. कंधारच्याच तीन पोरांनी किल्ल्यात आठ मिनिटांची शॉर्टफिल्म केली. मेसेज असा: "दादा लोकेशन लै भारी हाय, रात्रीचं शूट हाय, म्युझिक बी टाकलंय, पण कुणालाच भ्याव वाटंना. कामून?" मी बघितली. किल्ला, खंदक, खंदकातलं पाणी, तटाचे काळे दगड, सगळं आहे. अर्धी चूक फोनची होती.

फोनला वाटतं आपण वाढदिवस शूट करतोय. अंधार दिसला की तो एक्स्पोजर वाढवतो, सगळं राखाडी आणि दाणेदार करतो. शांतता आली की माइकची पातळी वाढवतो, मग तिथे शांततेऐवजी 'श्श्श' येतो. आणि दगड पडल्याचा मोठा आवाज आला की पातळी पटकन खाली, दगड पडतो उशीवर पडल्यासारखा. वरून नॉइज सप्रेशन: बेडूक, कबुतरं, लांबून येणारा एसटीचा हॉर्न, सगळं 'गोंगाट' म्हणून पुसून टाकतं. काळं आणि उजळ, बारीक आणि मोठं यातलं अंतर म्हणजे तर टेन्शनचा कच्चा माल. फोन ते अंतर भरून काढायला बनवलेला आहे.

उपाय फुकट आहेत. स्क्रीनवर बोट दाबून धरा, बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग उजेड खाली ओढा. आवाजासाठी दुसऱ्याचा फोन घ्या, ज्यात पातळी हाताने ठेवता येते असं रेकॉर्डिंग ॲप टाका, तो फोन बोलणाऱ्याच्या जवळ लपवा आणि नंतर जुळवा. आणि शूट संपल्यावर तिघांनीही गप्प उभं राहून एक मिनिट नुसता खंदक रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, किल्ल्याची शांतता बेडरूममध्ये मिळत नाही. त्यांनी कुठल्याशा हॉलिवूड सिनेमाचं उचललेलं म्युझिक टाकलं होतं. कॉपीराइटचं बाजूला ठेवा, पण ते म्युझिक पहिल्या सेकंदापासून 'घाबरा' म्हणून ओरडत होतं. पहिल्या चाळीस सेकंदांचं म्युझिक काढा म्हटलं. त्यांनी काढलं. सुधारलं.

मग त्यांचा पुढचा प्लॅन कळला आणि मी थांबलो. त्यांची सुरुवात अशी आहे: उंचावरून, सीसीटीव्हीसारखा स्थिर कॅमेरा, कोपऱ्यात तारीख-वेळ. एक अनोळखी माणूस झोळी घेऊन तटाजवळ. एक लहान पोरगं खेळतंय. माणूस थांबतो. पोरगं फ्रेमबाहेर जातं, माणूसही जातो. रिकामी फ्रेम, नुसतं पाणी. खरं सांगतो, चांगलं केलंय. स्थिर कॅमेरा मदत करत नाही, तो नुसता साक्षीदार असतो, म्हणून त्याची भीती वाटते. आणि पोरं हे चाळीस सेकंद सुटं, नावाशिवाय, रील म्हणून सोडणार होती. "लोकाला वाटू दे खरं हाय."

२०१८चा उन्हाळा आठवतो का? व्हॉट्सॲपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ. देशभर फिरलेल्यांपैकी एक सीसीटीव्हीसारखा दिसणारा होता: गल्लीत खेळणारी मुलं, मोटारसायकल येते, एक मूल उचलतात, पळतात. तो मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या मोहिमेचा व्हिडिओ होता. मूळ व्हिडिओत मोटारसायकल परत येते, मूल सोडतात आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला. फक्त सुरुवात उरली. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, जमावाने पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूरकडचे लोक होते ते.

झोळीवाला माणूस. पोरांच्या डोक्यात त्या समाजाचं काहीच नव्हतं, त्यांना झोळी 'दिसायला भारी' वाटली. पण थ्रिलरची सुरुवात जी यंत्रणा वापरते (माहिती अर्धी द्या, चौकटीबाहेर उरलेली सोडा, बाकी बघणाऱ्याच्या डोक्यावर सोपवा) ती थिएटरमध्ये चालते कारण दोन तासांनी शेवट येतो आणि दिवे लागतात. फॉरवर्डमध्ये शेवट नसतो. उरलेलं बघणारा स्वतः पूर्ण करतो, आणि तो बाजारच्या दिवशी चौकात उभा असतो.

मी दोन गोष्टी सांगितल्या. झोळी काढा, रोजच्या शर्टातला माणूस जास्त भीतीदायक वाटेल. आणि सिनेमाचं नाव व फिल्म असल्याचं संपूर्ण शॉटभर चित्रातच ठेवा, कॅप्शनमध्ये नाही, कारण फॉरवर्ड करताना कॅप्शन गळून पडतं. पहिलं लगेच मान्य झालं. दुसऱ्यावर रात्री बारापर्यंत वाद. नाव दिसलं की टेन्शन मरतं म्हणे. तर मी त्यांना 'टच ऑफ इव्हिल'ची १९५८वाली, वेल्सला नको असलेली आवृत्ती पाठवली. त्या अख्ख्या शॉटवर नावांमागून नावं येत राहतात, नटांची, तंत्रज्ञांची, आणि तरी बघणाऱ्याचं लक्ष डिकीतून हलत नाही. त्यावर एकाचा रिप्लाय आला, "बॉम्ब पयले दाखवलाय ना दादा, म्हणून." बरोबर आहे त्याचं. आता ते झोळीऐवजी पहिल्या फ्रेममध्ये काय दाखवायचं ते शोधायलेत.